फाईल सर्व्हरवर आहे, उघडली की दिसते, पण सर्चमधे येत नाही: हा त्रास दर चार-सहा महिन्यांनी परत का येतो आणि काय करायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात एक बाई आल्या होत्या. मिस्टर प्राथमिक शिक्षक होते, वारले, आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात त्यांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीच्या आदेशाची प्रत नव्हती. आदेश २००३ चा. बारा वर्षं सेवा झाली की ती श्रेणी लागते आणि पुढचं वेतननिश्चितीचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं, त्यामुळे तो एक कागद नाही तर प्रकरण पुढे सरकत नाही. टेबलावरच्या मुलीनं सर्चमधे "वरिष्ठ वेतनश्रेणी" टाकलं, शून्य. शिक्षकाचं नाव टाकलं, शून्य. "आठ दिवसांनी या" झालं. तिसऱ्या खेपेला आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते तिथून जात होते, त्यांनी फक्त तालुका आणि साल विचारलं, सर्व्हरवरच्या फोल्डरात शिरले आणि पाच मिनिटात पीडीएफ काढून हातात दिली. फाईल पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

मी संगणक कक्षात आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, निमसरकारी आहे, जिल्हाभर ऑफिसं आहेत, आणि पंचवीस-तीस वर्षांचे आदेश, ठराव, परिपत्रकं, टिपण्या एका मोठ्या शेअर्ड ड्राइव्हवर आणि त्याच्यावर बसवलेल्या सर्चमधे आहेत. त्या दिवसानंतर मी हा विषय मनावर घेतला कारण त्या बाई तीन वेळा एसटीनं येऊन गेल्या होत्या आणि आपण त्यांना जे सांगितलं ते खोटं होतं, "सापडत नाही" नाही, "आम्हाला शोधता येत नाही" असं होतं. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मधे अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका करून ठेवा असं स्पष्ट लिहिलंय आणि अर्ज आला की तीस दिवस असतात, म्हणजे हे आयटीवाल्यांचं हौसेचं काम नाहीये.

जे जे सापडलं ते सगळं खाली लिहितोय, ज्यांच्याकडे असाच मराठी कागदांचा डोंगर आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी एकच टेस्ट करा, बाकी नंतर

तक्रार आली की लोक पहिल्यांदा सर्च इंजिन बदलायच्या गोष्टी करतात, नवीन सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवतात. थांबा. सर्च तुमची फाईल वाचत नाही, फाईलमधून निघालेला मजकूर वाचतो, आणि आपल्याकडे नव्वद टक्के वेळा भानगड ही असते की स्क्रीनवर दिसतो तो मजकूर आणि आतमधे असलेला मजकूर वेगळा असतो. म्हणून जी फाईल सापडत नाही ती उघडा, दोन ओळी सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमधे पेस्ट करा. एवढंच.

मराठी जशीच्या तशी आली तर फाईल चांगली आहे, दोष पुढे कुठंतरी आहे. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला आला तर फाईल जुन्या फॉन्टातली आहे. मराठीच आली पण मात्रा इकडेतिकडे, पहिली वेलांटी शब्दाच्या पुढे जाऊन बसलेली, जोडाक्षरं गायब, तर पीडीएफ बनवताना घोळ झालाय. आणि सिलेक्टच होत नसेल, म्हणजे सगळं पान चित्रासारखं उचललं जात असेल, तर तो नुसता स्कॅन आहे.

अजून खात्री करायची तर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधे फॉन्ट्सचा टॅब असतो तो बघा. यादी रिकामी असेल तर स्कॅन. मंगल, निर्मला, कोकिळा असं काही असेल तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ठरलेला नंबर. श्री-देव, डीव्हीबी-टीटी, कृतिदेव, शिवाजी असली नावं दिसली तर जुना फॉन्ट. त्या बाईंच्या मिस्टरांचा आदेश उघडला तेव्हा त्या टॅबमधे "श्री-देव"नं सुरू होणारी दोन नावं होती आणि नोटपॅडमधे जे उतरलं त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. मग सर्चला "वरिष्ठ" कुठून सापडणार, तो शब्द फाईलमधे नव्हताच.

जुन्या फॉन्टांच्या फाईली

नवीन मुलांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो. युनिकोड घराघरात यायच्या आधी मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, आकृती, आयएसएम. त्यात फाईलमधे साठवलं जायचं ते इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह, आणि फॉन्ट त्या जागी "क" किंवा काना काढून दाखवायचा. फॉन्ट काढला की काहीच कळत नाही. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता आणि त्याच सॉफ्टवेअरांवर सगळी मराठी छपाई, सगळी सरकारी ऑफिसं चालली, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी आली तरी आपल्या टेबलांवर जुनं टायपिंग नंतर कितीतरी वर्षं चालू राहिलं, सवय होती, आणि आमच्याकडे तर अगदी अलीकडचे आदेशसुद्धा तसे निघालेत.

मूळ वर्ड फाईल असेल तर कन्व्हर्टरनं युनिकोड करता येते. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, एकासाठीचा दुसऱ्याला लावला की भलतंच निघतं, त्यामुळे आधी फॉन्टप्रमाणे ढीग वेगळे करा. आणि अख्खी फाईल एकदम कन्व्हर्ट करू नका, मधेमधे जे खरं इंग्रजी असतं, कंपनीची नावं, ईमेल पत्ते, त्याचीही मराठी होऊन बसते, फक्त जुन्या फॉन्टातला मजकूर निवडून करा. झालं की रफार आणि पहिली वेलांटी तपासा, चुकतात ती तिथंच.

वर्ड फाईल नसेल, फक्त पीडीएफ असेल, तर सरळ ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरं ओळखून मजकूर काढणं. आणि इथं आम्ही पाच महिने घालवले ते सांगतो. ओसीआर करणाऱ्या टूलांमधे एक पर्याय असतो की ज्या पानावर आधीच मजकूर आहे ते पान सोडून द्या. वेळ वाचतो म्हणून आम्ही तो चालू ठेवला. रात्रभर मशीन चालायचं, सकाळी रिपोर्ट यायचा "पूर्ण", आणि तरी जुने आदेश सापडेनात. कारण श्रीलिपीतल्या पीडीएफमधे मजकूर असतोच की, कचरा असला तरी टूलच्या दृष्टीनं तो मजकूरच, म्हणून ते पान सोडलं जायचं. नेमकी ज्या फाईलींना गरज होती त्याच सुटत होत्या. अशा फाईलींना जबरदस्तीनं ओसीआर करायचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या आधी वेगळ्या काढायला लागतात. आम्ही छोटी स्क्रिप्ट केली, फाईलमधून निघालेल्या मजकुरात देवनागरी अक्षरं किती आहेत मोजायचं, जवळजवळ शून्य असतील आणि फाईल मराठी विभागाची असेल तर ती जबरदस्तीच्या ढिगात. इतकं साधं, पण हजारो फाईली त्यातनं बाहेर आल्या.

ओसीआरबद्दल थोडं. टेसरॅक्ट नावाचं ओसीआरचं टूल फुकट आहे, २०१८ मधे चौथी आवृत्ती आली तेव्हापासून न्यूरल नेटवर्कवर चालतं आणि छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं. भाषा मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या. स्कॅन ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा हवा, त्याच्या खाली घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल वाढते. शिक्का ज्या ओळीवर पडलाय ती ओळ गेलीच समजा, आणि आपल्याकडे शिक्का नेमका जावक क्रमांकावर पडतो! म्हणून जावक क्रमांक, दिनांक, विषय आणि विभाग एवढ्या चार गोष्टी माणसानं टाइप करायच्या, हे ओसीआरवर सोडू नका. चारच. आम्ही आधी अकरा रकाने ठेवले होते, कोणी भरत नव्हतं, भरले तर सगळीकडे एकच शब्द.

आणि एक धोक्याची गोष्ट, ही कुणी सांगत नाही. ओसीआर झाला की आत्तापर्यंत चित्र म्हणून झाकलेली माहिती एका रात्रीत शोधता येते, प्रकरणांना जोडलेली आधार कार्डं, बँक पासबुकं, मेडिकल सर्टिफिकेटं. आमच्याकडे ओसीआरच्या दुसऱ्या दिवशी एका शिपायाचं आजारपणाचं सर्टिफिकेट त्याचं नाव शोधल्यावर पहिल्या क्रमांकावर येत होतं. फाईलच्या परवानग्या आधीपासूनच ढिल्या होत्या, फक्त कुणाला सापडत नव्हतं म्हणून चाललं होतं. आधी परवानग्या नीट करा, मग ओसीआर लावा. क्रम उलटा करू नका.

पाचव्या पानावरचं सापडतं, तीनशेव्यावरचं नाही

सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, अंदाजपत्रकाची पुस्तकं अशा जाड फाईलींमधे हे होतं. इलास्टिकसर्च नावाच्या सर्च इंजिनचा फाईलमधून मजकूर काढणारा भाग, अटॅचमेंट प्रोसेसर, त्यात मुळातच मर्यादा असते, एका फाईलमधून १,००,००० अक्षरंच घेतली जातात आणि पुढचं सोडून दिलं जातं, एरर येत नाही, काही नाही. ती मर्यादा सेटिंगमधे उणे १ करून काढता येते पण मग मेमरीकडे लक्ष ठेवा. आम्ही त्यापेक्षा जाड इतिवृत्तं ठरावनिहाय तोडली, म्हणजे शोधणाऱ्याला सहाशे पानांची फाईल न मिळता त्याचा ठराव मिळतो.

आणि विंडोजवर फोल्डरचा रस्ता फाईलच्या नावासकट २६० अक्षरांपलीकडे गेला की बऱ्याच प्रोग्रॅमना ती फाईल उघडताच येत नाही. "शिक्षण विभाग प्राथमिक आस्थापना २ जुने आदेश स्कॅन केलेले" असल्या नावांचे एकात एक सात फोल्डर केले की २६० कधी होतात कळत नाही. एकदा लांब रस्त्यांची यादी काढून बघा.

अक्षर तेच दिसतं पण तेच नसतं

आता समजा नोटपॅडमधे मराठी बरोबर आली. तरी सापडत नाही. मग हे बघा, मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण हा फक्त आपल्या भाषेचा प्रश्न आहे, बाहेरचा कुठलाही सपोर्टवाला सांगणार नाही.

"शेतकऱ्यांना" आणि "शेतकर्‍यांना". दिसायला एकच. पण पहिल्यात युनिकोडचं ०९३१ नंबरचं ऱ आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर ठरतं. कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द. आणि मराठीत हा ऱ्य किती ठिकाणी येतो विचार करा, कर्मचाऱ्यांना, अधिकाऱ्यांचे, दुसऱ्या, सातबाऱ्यावर, म्हणजे नेमके ऑफिसातले रोजचे शब्द. आमच्याकडे "कर्मचाऱ्यांच्या बदल्या" शोधलं की एका विभागाचे सगळे आदेश यायचे आणि दुसऱ्या विभागाचा एकही नाही, आणि त्या विभागाचे साहेब म्हणायचे आमचे आदेश मुद्दाम काढून टाकलेत. तसं काही नव्हतं, त्यांचा टायपिस्ट वेगळा कीबोर्ड वापरायचा.

"बँक" आणि "बॅंक" तसंच. एकात नुसता चंद्रबिंदू, दुसऱ्यात ॅ आणि वर अनुस्वार. ॲडव्हान्स, ॲफिडेव्हिट यातला ॲ तर तीन प्रकारे लिहिला जातो, एक अख्खं अक्षर जे युनिकोडमधे २००८ साली आलं, एक अ ला ॅ जोडून, एक मधे जॉइनर घालून. २००८ च्या आधीच्या फाईलीत पहिला प्रकार असूच शकत नाही.

यावर उपाय सोपा आहे. इंडेक्स करताना, म्हणजे सर्च फाईलींतल्या शब्दांची स्वतःची सूची बनवतं तेव्हा, शब्द तोडण्याच्या आधीच एक बदलयादी लावा, र हलन्त जॉइनर असेल तर ऱ हलन्त, ॅ आणि अनुस्वार असेल तर चंद्रबिंदू, अ आणि ॅ असेल (मधे जॉइनर असला तरी) तर ॲ, मग उरलेले न दिसणारे जॉइनर काढून टाका. क्रम असाच, जॉइनर आधी काढला तर पहिली जागा ओळखता येत नाही. आणि हीच यादी शोधणाऱ्याच्या शब्दालाही लागली पाहिजे, नुसती फाईलींना लावून उपयोग नाही.

आकड्यांचंही तेच. कोणी २०१७ देवनागरीत लिहितं, कोणी इंग्रजी आकड्यात. लुसीनवर (इलास्टिकसर्चच्या आतली शोधाची लायब्ररी) चालणाऱ्या सर्चमधे सगळे आकडे एका लिपीत आणणारा फिल्टर तयार मिळतो, तो लावा. पण तारखेची गंमत वेगळीच, १५/०८/२०१७ असं तिरप्या रेघेनं लिहिलं तर त्याचे तीन तुकडे होतात आणि १५.०८.२०१७ असं टिंबानं लिहिलं तर तो एकच अखंड शब्द राहतो, म्हणून नुसतं २०१७ शोधलं की टिंबवाले आदेश येत नाहीत. आकड्यांच्या मधलं टिंब बदलयादीतच मोकळी जागा करून टाका. "जि.प." आणि "जि. प." यातही हेच आहे, सलग लिहिलं तर एक शब्द, मधे जागा सोडली तर दोन.

शासन निर्णय शोधायचा असेल तर मी सगळ्यांना एकच सांगतो, शेवटच्या परिच्छेदात जो लांबलचक संकेतांक असतो, ज्याची सुरुवात सालानं आणि तारखेनं होते, तो वेगळ्या रकान्यात ठेवा. विषयाच्या शब्दांवरून भांडत बसायची गरजच पडत नाही.

विभक्ती आणि सामान्यरूप

माणूस शोधतो "रजा". आदेशात असतं "रजेचा", "रजेवर", "रजांबाबत". इंग्रजीसाठी बनलेल्या सर्चला यातलं काही समजत नाही. आमच्या आधीच्या वेंडरनं यावर जो उपाय केला तो म्हणजे शब्दाची पहिली दोन अक्षरं जुळली की दाखवा, "रज" पासून सुरू होणारं सगळं. परिणाम काय, "रजा" शोधलं की पहिली चार पानं भरून "रजिस्टर".

दुसरा प्रयोग आम्ही केला, हिंदीसाठी तयार असलेला ॲनालायझर, म्हणजे इंडेक्सच्या आधी शब्द सारखे करणारा भाग, मराठीला लावला. लिपी एकच म्हणून चालेल असं वाटलं. त्याचा अर्धा भाग खरंच कामाचा आहे, ऱ्हस्व-दीर्घ एक करतो म्हणजे "नागरीक" आणि "नागरिक" दोन्ही सापडतात, ऱ चा र करतो, जॉइनर काढतो. मात्र तो चंद्रबिंदूचा अनुस्वार करतो आणि ॅ चा े करतो, त्यामुळे बँक आणि बॅंक परत वेगळे पडतात, म्हणून वरची बदलयादी त्याच्या आधी लागलीच पाहिजे. दुसरा अर्धा भाग, शब्दाची शेपटी तोडणारा, तो बंद करा. हिंदीत "जाकर", "देखकर" असं असतं ना, म्हणून तो शब्दाच्या शेवटचं "कर" कापतो. मराठीत काय होणार? "पाटणकर" शोधलं की पाटण तालुक्याचे सगळे कागद. "मालमत्ताकर" मधला कर गेला, अर्धवट शब्द उरला. आडनावं "कर"नं संपणाऱ्या मुलखात हे लावणं म्हणजे अर्धी सेवापुस्तकं गोंधळात घालणं. आमच्या आस्थापना शाखेतल्या ताईंनी दोन दिवसात पकडलं, मला तर सुचलंही नसतं.

शेवटी जे चाललं ते हातानं केलेलं आहे. आधी शेवटची शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय मोठ्यापासून लहानाकडे कापायचे, साठी, बद्दल, बाबत, पर्यंत, प्रमाणे, मग चा-ची-चे, ला, ना, ने, त, आणि मागे निदान दोन अक्षरं उरलीच पाहिजेत. मग जे सामान्यरूप उरतं त्याला मूळ शब्दाशी जोडणारी यादी, रजे म्हणजे रजा, पाण्या म्हणजे पाणी, कर्मचाऱ्या म्हणजे कर्मचारी. ही यादी सगळ्या मराठीची करायची गरज नाही, ऑफिसात जे शब्द शोधले जातात तेवढेच पुरतात, आमची दोन आठवड्यात झाली. सर्चचा लॉग काढा, लोकांनी काय शोधलं आणि कशाला शून्य उत्तरं आली ते बघा, वरचे शंभर शब्द घेऊन बसा. हे काम कंटाळवाणं आहे पण एवढा फरक दुसऱ्या कशानं पडला नाही.

त्याच लॉगमधून समानार्थी शब्दांची यादी निघते. कागदावर "भविष्य निर्वाह निधी" असतं, माणूस "जीपीएफ" टाकतो. कागदावर "सेवापुस्तक", तोंडात "सर्विस बुक". "प्रवास भत्ता" आणि "टीए". हे जोड कागद हाताळणाऱ्या माणसांनाच माहीत असतात, आम्ही अण्णांना आणि आस्थापनेच्या ताईंना रोज जेवणानंतर अर्धा तास बसवलं, ते बोलायचे, आम्ही लिहायचो. त्यातच कळलं की १९९० च्या सुमारास एका शाखेचं नावच वेगळं होतं आणि तेव्हाचे सगळे आदेश त्या नावानं आहेत. हे कुठल्या सॉफ्टवेअरला कळणार?

सगळं ठीक आहे तरी एकालाच दिसत नाही

मग परवानगी बघा. चांगलं सर्च ज्याला फाईल उघडायचा हक्क नाही त्याला निकालातही दाखवत नाही, ते बरोबरच आहे. पण वापरणाऱ्याला "फाईल नाही" आणि "तुला दिसत नाही" यातला फरक कळत नाही. तपासायला ती फाईल त्याच्याच लॉगिननं थेट उघडून बघायची. आणि तक्रार आली म्हणून अख्खा फोल्डर "सर्वांना" असा उघडून द्यायचा नाही, कितीही वरून फोन आला तरी, गोपनीय अहवाल त्याच फोल्डरात असतात.

आता हे परत परत का होतं

एवढं सगळं करून आमचं सर्च दिवाळीत मस्त चालत होतं आणि मार्चमधे परत तक्रारी. कारण बघितलं तर इंडेक्सिंग ज्या लॉगिननं आपोआप चालतं त्या सर्विस अकाउंटचा पासवर्ड ९० दिवसांच्या नियमानं संपला होता. इंडेक्स त्या दिवशी गोठला. जुनं सगळं सापडत होतं म्हणून कुणाला कळलं नाही, नवीन काहीच येत नव्हतं.

त्यानंतर आम्ही साक्षीदार फाईल सुरू केली. रोज रात्री बारा वाजता एक स्क्रिप्ट एक छोटी फाईल ड्राइव्हवर टाकते, त्यात त्या दिवसापुरता बनवलेला एक अर्थहीन शब्द असतो, सकाळी नऊला दुसरी स्क्रिप्ट तोच शब्द सर्चमधे शोधते, सापडला नाही तर माझ्या फोनवर मेसेज. एक वर्ड, एक युनिकोड पीडीएफ, एक स्कॅन अशा तीन, म्हणजे ओसीआर बंद पडला तरी कळतं. ऑगस्टमधे याच्यामुळेच कळलं की एका शाखेत नवीन स्कॅनर आला होता आणि त्यानंतर ओसीआरची रांग मोठमोठ्या रंगीत फाईलींनी तुंबली होती.

दुसरं, चाळीस प्रश्नांची एक परीक्षा. प्रत्येकाचं बरोबर उत्तर, म्हणजे कुठली फाईल पहिल्या पाचात यायला हवी, हे अण्णांनी ठरवून दिलेलं. सेटिंगमधे काहीही बदललं की आधी ही परीक्षा घ्यायची. नाहीतर होतं असं की आरोग्य विभागासाठी एक समानार्थी शब्द घातला आणि त्यानं बांधकाम विभागाचं बिघडलं, आणि ते कळायला दोन महिने. पहिला प्रश्न त्या बाईंच्या आदेशाचा आहे. आणि हो, इंडेक्सच्या वेळेला लागणारी समानार्थी यादी बदलली की इंडेक्स परत बांधावा लागतो, नुसती यादी सेव्ह करून काही होत नाही, हे आमच्याकडे तीनदा विसरलं गेलंय.

तिसरं म्हणजे दारातच अडवणं. नवीन फाईल जुन्या फॉन्टात असेल तर जावक टेबलावर ती अपलोडच होत नाही, मेसेज येतो की युनिकोडमधे टाइप करून आणा. पहिला महिना खूप आरडाओरडा झाला. टायपिस्टची चूक नाही, वीस वर्षं हाताला एक कीबोर्ड बसलेला असतो. म्हणून त्यांना इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्ड मांडणी, शिका असा आदेश काढण्यापेक्षा त्यांच्या सवयीच्याच मांडणीत पण युनिकोड देणारा कीबोर्ड बसवून दिला. आवाज बंद झाला.

हल्ली विचारतात की एवढं कशाला, एआयचं सर्च लावून टाका, ते अर्थ समजून शोधतं. आम्ही करून पाहिलं, "सुट्टी" विचारलं तर "रजा" आणतं, ते छान आहे आणि आम्ही ते शब्दांच्या सर्चच्या जोडीला ठेवलंय. पण जावक क्रमांक दिला तर ते जवळपासचा दुसराच आदेश पुढे करतं, त्या ठिकाणी शब्दांचं सर्चच हवं. आणि ज्या फाईलमधे आत कचरा आहे त्यातून त्यालाही काही मिळत नाही, नोटपॅडची टेस्ट त्यालाही चुकत नाही.

जे अजून सुटलेलं नाही ते हातानं लिहिलेल्या रजिस्टरांचं. ओसीआर तिथं चालत नाही, निदान आमच्या कारकुनी अक्षरांवर तरी नाही. त्यासाठी रोज दोन तास एक जण विषय, नाव आणि तारीख वाचून टाइप करतो, अण्णा शेजारी बसून न लागणारं अक्षर लावून देतात. ते फेब्रुवारीत रिटायर होतायत. सध्या आम्ही १९९१ च्या आस्थापना रजिस्टरवर आहोत, मागे अजून चौदा बाकी आहेत, आणि ती आधी घेतलीत कारण त्यातलं अक्षर फक्त त्यांनाच लागतं.